कारस्थानाचा कारखाना

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात एखाद्या कारखान्याचे काम बंद पडले, एखाद्या व्यवस्थापकावर हल्ला झाला, भंगाराच्या ठेक्यावरून दोन टोळ्या भिडल्या, की स्पष्टीकरणे आपल्याकडे तयारच असतात. बाहेरच्या पुढाऱ्यांनी कामगारांची माथी भडकवली. स्थानिकांना काम नको, ठेका हवा. आजच्या मुलांत निष्ठा म्हणून उरलेली नाही. कचेरीतल्या चहाड्या, कुरघोड्या आणि पाय ओढण्याचे प्रकार यांविषयी विचारले तर त्याहून सोपे उत्तर मिळते: माणसाचा स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार? ही सगळी उत्तरे एकाच घराण्यातली आहेत. त्यांत दोष नेहमी खालच्या माणसाच्या स्वभावात सापडतो आणि वरच्या माणसाच्या वाट्याला फक्त मनस्ताप येतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. कामाच्या ठिकाणी फोफावणारे कारस्थान आणि माजणारी बेबंदशाही हे मुख्यतः सत्तेच्या घडणीचे फळ असते, स्वभावाचे नंतर. जेथे अधिकार एकाच्या हाती आणि जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात अशी वाटणी होते, तेथे कारस्थान हा दुर्गुण राहत नाही; तो तगून राहण्याचा मार्ग होतो. हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गावर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. मराठीच्या अभ्यासकांचा तो दोन कारणांनी आहे. एक, या विषयावरचे अत्यंत मर्मग्राही लेखन आपल्याच भाषेत फार पूर्वी होऊन गेले आहे आणि आपण ते शिकवतो. दोन, ते शिकवणाऱ्या आपल्या संस्था त्याच रोगाने पोखरल्या आहेत आणि आपण त्याविषयी बोलत नाही.

शिवाजी महाराजांचे चिपळूणजवळच्या हलवर्ण येथील छावणीला गेलेले पत्र आपल्या परिचयाचे आहे. १६७०च्या दशकातील हे पत्र आपण बहुधा दोन कारणांसाठी वाचायला देतो: तत्कालीन गद्याचा नमुना म्हणून, किंवा रयतेच्या भाजीच्या देठाचा आधुनिक गौरव करण्यासाठी. पण त्या पत्राची तर्करचना पाहावी. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवून ठेवलेली आहे. ती आत्ताच बेहिशेबी उधळली तर भर पावसात संपेल. घोडी उपाशी मरतील. मग सैनिक रयतेकडे वळतील, कोणी धान्य नेईल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा. आणि जीव मुठीत धरून राहिलेली रयत गाव सोडून जाईल, मोगल बरे होते असे म्हणेल. पुढे तर पेटत्या दिव्याची वात उंदराने ओढून नेली आणि गंजीला आग लागली तर काय, इथपर्यंत विचार केलेला आहे. लूट होण्याआधीच लुटीचे कारण शोधले आहे, आणि ते सैनिकाच्या दुष्ट स्वभावात शोधलेले नाही, कोठाराच्या गैरव्यवस्थेत शोधले आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की पत्र सैनिकांना लिहिलेले नाही, रयतेलाही नाही. ते जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना, म्हणजे कोठाराच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या त्यांना लिहिलेले आहे. गुन्हा घडण्याआधीच त्याची जबाबदारी कोणाच्या नावावर पडेल हे ठरवून दिले आहे. जबाबदार नेतृत्वाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही.

दुसरा ग्रंथ जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’, १८८३चा. फुल्यांच्या लेखनात ‘कामगार’ हा शब्द सरकारी अधिकाऱ्याला उद्देशून येतो, ही गोष्ट आज वाचताना चमत्कारिक वाटते. पण त्यामुळेच त्यांची मांडणी आपल्या विषयाच्या अधिक जवळ येते. त्यांचा आरोप दुहेरी आहे. शेतकऱ्याला नागवतो तो मधला ब्राह्मण कामगार, कारकून, मामलेदार. कागद त्याच्या हाती आणि शेतकऱ्याला अक्षर कळत नाही. पण त्याला हे करता येते ते वरचा गोरा कामगार ऐषआरामात गुंग असल्यामुळे. फुले मधल्या दलालाला सोडत नाहीत, त्याच्या जातिव्यवस्थेतल्या मुळांवर तर ते घावच घालतात. पण वरच्या साहेबाच्या बेफिकिरीला ते निष्पाप मानत नाहीत. बेफिकीर साहेब आणि कारस्थानी मध्यस्थ ही जोडी आहे; एकाशिवाय दुसरा उभा राहत नाही, हे त्यांनी स्वच्छ पाहिले होते.

शतकभराने, १९८८ मध्ये, रॉबर्ट जॅकल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने ‘मॉरल मेझेस’ हा बड्या कंपन्यांतील व्यवस्थापकांविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे एक निरीक्षण असे, की अशा संस्थांत तपशील खाली ढकलले जातात आणि श्रेय वर ओढले जाते. चूक झाली तर त्या क्षणी जो तिच्याजवळ उभा असेल तो दोषी ठरतो. म्हणून हुशार व्यवस्थापक चुकीपाशी उभा न राहण्याची कला शिकतो. फुल्यांच्या वाचकाला यात धक्का बसण्यासारखे काही नाही. फरक इतकाच, की जॅकलचे नाव परिसंवादात घेतले जाते आणि ‘असूड’ परीक्षेच्या पाचव्या प्रश्नापुरता उरतो.

आता आपल्या पट्ट्याकडे येऊ. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातला औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. गिरणगावाला दीर्घ इतिहास होता, चाळी होत्या, भजनी मंडळे आणि खानावळी होत्या. येथे गावांच्या शेतांवर एका पिढीत नगर उभे राहिले. माणसांच्या आपसांतल्या नात्यांचे नियम आधी तयार नव्हते. ते कारखान्याच्या फाटकातच घडायचे होते. म्हणजे त्या घडणीची जबाबदारी ज्यांच्याकडे फाटकाच्या किल्ल्या होत्या त्यांच्यावर अधिकच होती.

टेल्कोचे १९८९ हे वर्ष या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्या काळी पट्ट्यातली सर्वांत प्रतिष्ठित नोकरी ती. राजन नायर या कामगारनेत्याला कंपनीने १९८८ मध्ये बडतर्फ केले. कामगारांनी त्याच्यामागे जाणे सोडले नाही. व्यवस्थापनाने प्रतिस्पर्धी संघटनेशी वेतनकरार केला. व्यवस्थापकांवर आणि विरोधी गटातल्या कामगारांवर हल्ले झाले. सप्टेंबर १९८९ मध्ये हजारो कामगार शनिवारवाड्यासमोर उपोषणाला बसले आणि महिनाअखेरीस मध्यरात्रीनंतर पोलिसांनी त्यांना बसगाड्यांत भरून उचलले. आंदोलन संपले. पुढे ही कथा एका खंबीर तरुण अध्यक्षाने दांडगाईवर मिळवलेला विजय म्हणून सांगितली गेली, आणि आजही ती तशीच सांगितली जाते.

हल्ले झाले ही गोष्ट नाकारण्याचे किंवा तिला क्रांतीचा मुलामा देण्याचे कारण नाही. ज्याच्यावर वार झाला त्याला सिद्धांत सांगणे ही क्रूर थट्टा होईल. पण विजयाच्या कथेला एक साधा प्रश्न विचारायचा राहून गेला आहे. पट्ट्यातल्या सर्वोत्तम नोकरीतली हजारो माणसे एका बडतर्फ माणसासाठी अन्न का सोडतात? चिथावणीखोराने चिथावले, हे उत्तर पुरेसे नाही. चिथावणीखोर पोकळी निर्माण करत नाही. आधीच असलेल्या पोकळीत शिरतो. आणि आपल्याला नको असलेल्या संघटनेला बाजूस सारून दुसरीशी करार करणे कायद्यात बसत असेलही, पण त्यातून सगळ्या कारखान्याला एक धडा मिळतो: येथे सरळ बोलून काही मिळत नाही, कोणत्या गोटात उभे आहात यावर मिळते. हा धडा एकदा दिला की तो फक्त कामगारच शिकतात असे नाही. पर्यवेक्षक शिकतो, कारकून शिकतो, व्यवस्थापकही शिकतो. मग कारखान्यात गोट पडले म्हणून कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

याच टेल्कोची दुसरी, गोड कथा सर्वांना पाठ आहे. सत्तरच्या दशकात पुण्याच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. सुधा मूर्ती यांनी, तेव्हाच्या सुधा कुलकर्णी यांनी, थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीला बोलावणे आले. १९७४ मध्ये त्यांना नोकरी मिळाली. ही कथा थोर नेतृत्वाचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि टाटांच्या मोठेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण जाहिरात लिहिणाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत ज्या पायऱ्या होत्या, त्यांतल्या एकीवरही तो मजकूर अडला नाही, हेही त्याच कथेत लिहिलेले आहे. ज्या व्यवस्थेत न्याय मिळण्यासाठी सर्वांत वरच्या माणसाला पत्र लिहावे लागते, तिच्या मधल्या पायऱ्या जबाबदार नसतात. थोर माणूस ही जबाबदार व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही. फार तर तिची उणीव काही काळ झाकून ठेवतो.

२०१३ मध्ये चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांनी २५ जूनपासून सुमारे ५० दिवस काम बंद ठेवले. ऑगस्टच्या मध्यावर ते बिनशर्त कामावर परतले. या लढ्यातली एक मागणी वर्तमानपत्रांनी फार चघळली: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग, एका रुपयाला एक, मिळावेत. हसू झाले, कामगार आता भागधारक व्हायला निघाले, असे म्हटले गेले. मागणी व्यवहार्य होती असा माझा दावा नाही. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने ती वाक्य म्हणून वाचावी. या पट्ट्यात अनेक कारखान्यांच्या भिंतींवर, वर्धापनदिनाच्या भाषणांत, प्रशिक्षणवर्गांत एकच पालुपद असते: कंपनी तुमची आहे, मालकासारखा विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या हे रूपक ऐकलेल्या माणसांनी एक दिवस ते शब्दशः घेतले. रूपक शब्दशः घेतले की ते कसले रूपक होते हे उघडे पडते. कष्टाच्या वेळी मालक, नफ्याच्या वेळी नोकर आणि मंदीच्या वेळी ओझे, अशी तीन रूपे एकाच माणसाला देणाऱ्या भाषेचे ते विडंबन होते. करणाऱ्यांनी ते गंभीरपणे केले म्हणून ते अधिक बोचले. व्यवस्थापनाने उत्पादन वाळूज आणि पंतनगरकडे वळवण्याची भाषा केली. ‘आपली’ कंपनी उचलून दुसरीकडे नेता येते, हे कळल्यावर आपलेपणाचा प्रश्न मिटला.

हे मोठ्या, कायम कामगारांच्या कारखान्यांचे झाले. पट्ट्यातले आजचे बहुसंख्य काम वेगळ्याच मार्गाने चालते. ठेकेदाराचा कामगार, प्रशिक्षणार्थी, ‘नीम’चा ट्रेनी अशी नावे बदलत जातात; लाइनवरचे काम तेच राहते. २०१३ मध्ये रोजगारक्षमता वाढवण्यासाठी म्हणून ‘नीम’ योजना आली, पुढे ती गुंडाळली गेली. पण शिकणारा म्हणून आत घ्यायचे आणि कामगार म्हणून राबवायचे ही युक्ती तिच्याआधीही होती आणि नंतरही आहे. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षभरात २४० दिवस काम झाले की सलग सेवा धरली जाई. म्हणून २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची पद्धत पडली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि मुदतबंद नेमणुकीला कायद्यात थेट जागा मिळाली. कायद्याचे नाव काहीही असो, लाइनवरच्या मुलाला एक गोष्ट पक्की कळते: पुढच्या महिन्यात आपण असू की नाही हे आपल्या कामावर ठरत नाही, सुपरवायझरच्या मर्जीवर ठरते. फाटकावर पंच लागला नाही की समजायचे, गेट बंद. कारण कोणी सांगत नाही. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचारा, ठेकेदार म्हणतो कंपनीने नाव काढले.

अशा माणसाने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे? आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडले होते, की ढासळत्या संस्थेतल्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे, यांतली कोणती निवडायची हे निष्ठेवरही अवलंबून असते. चाकणच्या ठेका कामगाराला आवाज उठवण्याची वाट बंद आहे, कारण उठवताच गेट बंद होते. निघून जाऊन पोट भरत नाही, कारण शेजारच्या कारखान्यातही तोच ठेकेदार आहे. उरते ती तिसरी वाट, जिचे नाव सभ्य ग्रंथांत नसते: मर्जी. कोण संघटनेची भाषा करतो ते साहेबाच्या कानावर घालणे, दुसऱ्याचे रिजेक्शन आधी दाखवणे, ओटीसाठी कोणाला तरी कमी ठरवणे, वेळप्रसंगी आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या माणसाचा आधार घेणे. याला आपण ‘मानसिकता’ म्हणतो. ती मानसिकता नाही. बंद दारांच्या घरात उरलेल्या एकमेव खिडकीतून केलेली ये-जा आहे.

येथे जबाबदारीचे बारकाईने पाहिले पाहिजे. ठेक्याने काम वाटता येते, हे सर्वांना मान्य आहे. ठेक्याने जबाबदारीही वाटून टाकता येते, हा मात्र आपण करून घेतलेला सोयीचा समज आहे. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याचे दायित्व मूळ मालकावर ठेवले होते, आणि नव्या संहितेतही ते आहे. कायद्याला कळलेली गोष्ट कारखान्याला कळू नये असे नाही. तिला न कळण्यातच लाभ आहे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९पासून वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीत हातबोटे गमावणाऱ्या कामगारांवर ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. वाहन मोठ्या कंपनीच्या नावाने विकले जाते. बोट मात्र तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या पॉवरप्रेसवर तुटते. उत्पादनाचा आकडा वरून येतो, तो गाठण्यासाठी सुरक्षेचे साधन खाली बंद केले जाते, आणि अपघातानंतरच्या कागदावर शब्द असतात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. हलवर्णच्या पत्राच्या हे अचूक उलटे आहे. तेथे उंदराने वात ओढली तरी जबाबदार अधिकारी. येथे अधिकाऱ्याने वात पेटवली तरी जबाबदार उंदीर. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्या बनवणाऱ्या जागेला आग लागून जे बळी गेले त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. आवश्यक परवानग्या नसल्याचे नंतर उघड झाले. नंतर! आपल्याकडे जबाबदारी नेहमी नंतर उघडी पडते.

आता बेबंदशाहीकडे. या पट्ट्यात ‘माथाडी’ या शब्दाचे काय झाले ते भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे. १९६९चा माथाडी कायदा हा महाराष्ट्राने देशाला दिलेला एक विलक्षण शोध होता. हमालाला एक मालक नसतो. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. मग त्याच्या भविष्यनिर्वाहाची, मजुरीची, आजारपणाची जबाबदारी कोणाची? कायद्याने शासन, मालक आणि कामगार यांचे मंडळ निर्माण केले आणि नसलेल्या जबाबदार माणसाच्या जागी एक जबाबदार संस्था उभी केली. अण्णासाहेब पाटील यांच्यासारख्यांनी लढून मिळवलेला तो शब्द आज चाकण-भोसरीच्या उद्योजकाच्या तोंडी खंडणीचा समानार्थी झाला आहे. बनावट संघटनांना आळा घालण्यासाठी म्हणून २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयक आले, आणि त्याला जुन्या माथाडी संघटनांनीच विरोध केला. कारण चोराला पकडण्याच्या निमित्ताने घरच पाडले जाईल ही त्यांची भीती अनाठायी नव्हती.

खंडणीखोराची भलामण कोणी करणार नाही. पण तो आला कोठून? भंगार, वाहतूक, पाणी, उपाहारगृह, मनुष्यबळ यांचे ठेके अनेक ठिकाणी कशाच्या बदल्यात दिले गेले? शांततेच्या. ज्याच्याकडून उपद्रव होऊ शकतो त्यालाच ठेका देऊन उपद्रव विकत घ्यायचा, ही व्यवहारी शहाणपणाची गोष्ट मानली गेली. जमिनी गेलेल्या गावांना सन्मानाची नोकरी आणि कौशल्य देण्यापेक्षा त्यांच्यातल्या दोन दांडग्यांना ठेका देणे स्वस्त पडले. उपद्रवाला एकदा किंमत मिळाली की उपद्रवाचा बाजार भरणारच. १५ ऑगस्ट २०१८ला पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आले. पण जो बाजार फाटकाच्या आतून भरवला जातो तो फाटकाबाहेरचा पोलीस किती उठवणार?

१९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना नेणारी गाडी पेटली आणि चार जण होरपळून मेले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार आग चालकानेच लावली; कापलेला पगार, न मिळालेला बोनस, चालक असून मजुराची कामे करायला लावल्याचा राग, अशी कारणे त्यांनी सांगितली. हा पोलिसांचा दावा आहे, न्यायालयाचा निवाडा नव्हे, आणि कंपनीचा त्यात काही दोष होता असे म्हणण्याला माझ्याकडे आधार नाही. कोणताही राग चार निरपराध माणसांच्या मृत्यूचे समर्थन करू शकत नाही. मला लक्ष वेधायचे आहे ते वेगळ्याकडे. पुढे काही दिवस जी चर्चा झाली ती जवळजवळ पूर्णपणे एका विकृत माणसाविषयी होती. आपल्या हजारो कामाच्या जागांत पगार का कापला हे विचारायला एखादे ठिकाण, एखादे नाव, एखादी वेळ आहे का, हा प्रश्न त्या राखेतूनही वर आला नाही. विकृत माणूस सापडला की आपण सुटतो; म्हणून आपल्याला तो हवा असतो.

या मांडणीवर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की सगळा दोष रचनेवर टाकला तर व्यक्तीची नैतिक जबाबदारी उरत नाही. मला हे उलटे वाटते. ‘स्वभाव’ हे उत्तर देणाराच व्यक्तीला मोकळे सोडतो, कारण स्वभावाला औषध नाही असे तो आधीच मान्य करतो. रचना मात्र कोणीतरी केलेली असते, कोणीतरी चालू ठेवलेली असते, आणि त्या कोणाचे तरी नाव सांगता येते. चहाडी करणारा दोषी आहेच. चहाडी ऐकून घेऊन तिला बढतीचे बक्षीस देणारा त्याहून अधिक दोषी आहे. दुसरा आक्षेप असा, की जबाबदार नेतृत्व म्हणजे शेवटी मवाळपणा, आणि मवाळपणाने कारखाने चालत नाहीत. हलवर्णच्या पत्राचा स्वर मवाळ आहे असे ज्याला वाटते त्याने ते पुन्हा वाचावे. ते पत्र कठोर आहे. फक्त त्याची कठोरता खालच्या दिशेने सर्वांत दुबळ्यावर पडत नाही, अधिकार ज्याच्या हाती आहे त्याच्यावर पडते.

आणि आता आपल्या घराकडे. वरचे सगळे वाचताना मराठीचा प्राध्यापक मान डोलावत असेल, तर त्याने मान थोडी वळवून स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाहावे. तेथे तासिका तत्त्वावरचा सहकारी बसला आहे. नेट किंवा सेट झालेला, बहुधा पीएच. डी. असलेला, दर वर्षी नव्याने अर्ज करणारा, तासावर मोजला जाणारा आणि ते मानधनही कित्येकदा महिनोन्‌महिने उशिरा पाहणारा. चाकणच्या भाषेत त्याला दर वर्षी ‘ब्रेक’ मिळतो. नॅकच्या फायली तो भरतो, स्नेहसंमेलनाचे निवेदन तो लिहितो, विभागप्रमुखांच्या षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथाची मुद्रिते तो तपासतो. पुढच्या जूनमध्ये त्याचे नाव यादीत असेल की नाही हे त्याच्या शिकवण्यावर ठरत नाही. मग तो संस्थाचालकांच्या भाषणाला पहिली टाळी वाजवतो, दुसऱ्या तासिकावाल्याविषयी दोन शब्द हळूच सांगतो, आणि आपण चहा पिताना म्हणतो: काय हो ही आजची पिढी, कणाच नाही!

कणा आपण काढून घेतला आहे. ‘महाविद्यालय म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य ज्या संस्थेत वारंवार ऐकू येते, तेथे नेमणुकीचे पत्र वेळेवर मिळते का, एवढे विचारावे. कुटुंबाचे रूपक हे कंपनीतल्या मालकीच्या रूपकाचे सख्खे भावंड आहे. त्यात ज्येष्ठांची आज्ञा येते, धाकट्यांचे हक्क येत नाहीत. सरंजामशाहीचे चित्रण, शोषितांचा आवाज, विद्रोहाचे सौंदर्यशास्त्र यांवर शोधनिबंध वाचणाऱ्या चर्चासत्राच्या प्रमाणपत्रांवर सह्या घ्यायला जो धावत असतो, त्याच्याविषयी चर्चासत्रात एक शब्द निघत नाही. कारखान्याच्या मालकाला निदान आपण नफ्यासाठी आहोत हे ठाऊक असते. आपण मूल्यांसाठी आहोत असे समजतो, म्हणून आपला दोष मोठा.

याच मौनाचा एक परिणाम वाङ्मयावरही झाला आहे. गिरणगावाला नारायण सुर्वे मिळाले, १९८२च्या संपानंतरच्या पडझडीला जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले. तेथे मालक आणि कामगार समोरासमोर होते. संघर्षाला चेहरा होता. चाकणच्या पट्ट्यात मालकाचा चेहरा ठेकेदारामागे, ठेकेदाराचा चेहरा सुपरवायझरमागे दडला आहे. चेहरा नसलेल्या सत्तेची कथा कशी लिहायची, हा मराठी कथनात्म साहित्यापुढचा खराखुरा प्रश्न आहे. ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीतच भरले होते. शहर आपल्या दारी आले असे तेव्हा कोणाला वाटले असेल. संमेलनाचा मांडव उठतो, रात्रपाळीच्या बसगाड्या उठत नाहीत. मर्जीवर जगणाऱ्या माणसाचे मन, त्याची लाज, त्याचे हिशेब, त्याने मित्राविरुद्ध सांगितलेले दोन शब्द आणि त्यानंतरची झोपमोड, हे जो लिहील त्याला आधी आपल्या स्टाफरूमविषयी खरे बोलावे लागेल. ते धैर्य नाही, म्हणून ती कादंबरीही नाही.

नेतृत्वावरच्या व्याख्यानांचा आणि शिबिरांचा सध्या सुकाळ आहे. त्यांतल्या तक्त्यांऐवजी तीन प्रश्न पुरेत. चूक झाली तर पहिले नाव कोणाचे घेतले जाते: अधिकार असलेल्याचे की जवळ उभे असलेल्याचे? वरिष्ठाला खालची बातमी कशी कळते: सर्वांसमोरच्या बैठकीतून की बंद दाराआडच्या कानातून? आणि मतभेद उघड सांगणारा माणूस वर्षभराने तेथेच, त्याच जागी दिसतो का? ज्या कारखान्यात, कचेरीत किंवा महाविद्यालयात या तीन प्रश्नांची उत्तरे लाजिरवाणी आहेत, तेथे कारस्थान्यांना शोधत हिंडू नये. ते सापडतील, हवे तितके सापडतील, आणि एकाला काढल्यावर त्याच खुर्चीवर दुसरा तयार होईल. उंदीर मारत बसण्यापेक्षा, रात्री दिवा विझवण्याची जबाबदारी कोणाची हे एकदा नाव घेऊन ठरवावे, आणि ते नाव सर्वांत खालच्या माणसाचे नसावे.